तुरुंगांतील वाफ्याला जात नको

तुरुंगांत बाग लावावी, कैद्यांकडून भिंतीवर चित्रें काढून घ्यावीं, नाटक बसवावें, म्हणजे त्यांचें मन ताळ्यावर येतें, असें विद्वान मंडळी हल्लीं सांगूं लागली आहेत. गोष्ट खरी आहे. पण कुणब्याला ती नवी नाहीं. स्वतः लावलेल्या रोपाला पाणी घालण्यासाठीं माणूस दुसरे दिवशीं आपण होऊन उठतो. आणि ज्याला उद्यांची काळजी लागली, तो अर्धा सुधारला.

याचा दाखला आपल्या घरचाच आहे. १९३९ सालीं औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या सूचनेवरून राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनीं कैद्यांना कोंडण्याऐवजी कसावयास जमीन दिली. त्यावरूनच पुढें १९५७ सालीं शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट निघाला. राजेसाहेब ब्राह्मण होते. म्हणून चांगल्याला चांगलें म्हणतांना सत्यशोधकाची जीभ कां अडावी?

बंगालमध्यें अलकनंदा रॉय या नृत्यांगनेनें कैद्यांकडून रवींद्रनाथांचें 'वाल्मीकि प्रतिभा' बसवून घेतलें. दरोडेखोराचा कवि होतो, ही त्याची कथा. पण वाचकहो, त्याच प्रांताच्या तुरुंग-नियमावलींत झाडूवाले मेहतर, हाडी, चांडाळ अशा जातींतून निवडावे आणि स्वयंपाकी योग्य जातीचा असावा, असें लिहिलेलें होतें! रंगभूमीवर वाल्मीकि, आणि पडद्यामागें मनु!

पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं असले नियम घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवहींतील जातीचा रकाना काढावयास सांगितलें आणि तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्याचा हुकूम केला. स्वातंत्र्य मिळून सत्त्याहत्तर वर्षें झाल्यावर हें घडलें! पण कागद सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असें होत नाहीं. पाणवठे कायद्यानें खुले झाले, तरी कित्येक गांवांत घागरी वेगळ्याच राहिल्या, हें आपण विसरूं नये.

म्हणून बागेच्या व कलेच्या योजना आंखणारांस आमचें सांगणें इतकेंच आहे. खुरपें, कुंचला, पळी आणि झाडू हीं चारहि पाळीपाळीनें प्रत्येकाच्या हातीं आलीं पाहिजेत. एकानें गुलाब खुडावे आणि दुसऱ्यानें जन्मभर मोरी धुवावी, ही सुधारणा नव्हे. पाळीचा तक्ता बराकीच्या दारावर टांगावा. वाफ्यांतली भाजी सर्वांनीं मिळून लावावी, कोणीहि शिजवावी आणि सर्वांनीं एका पंगतीस बसून खावी.

जिल्हा विधि सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनीं तुरुंगांची वरचेवर तपासणी करावी, असेंहि कोर्टानें सांगितलें आहे. त्या मंडळींनीं झेंडूची फुलें पाहून परत फिरूं नये. आज संडास कोणीं धुतला आणि गेल्या आठवड्यांत कोणीं धुतला, हें आधीं विचारावें. दोन्ही वेळां एकाच जातीचा माणूस पुढें आला, तर ती बाग केवळ पाहुण्यांसाठीं लावली आहे, असें खुशाल समजावें.