मुंगीएवढा होणारा शास्त्रज्ञ आणि घरात उचललेला हात



आज जरा वेगळा विषय. तुमच्या घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर अँट-मॅन हे नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. हिंदीत डब झालेले त्याचे सिनेमे मुलं मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघतात. अंगात खास सूट घातला, बटण दाबलं की माणूस मुंगीएवढा होतो. सिनेमातला सूट घालणारा तरुण वेगळा आहे. पण हे तंत्र शोधणारा मूळ शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. हँक पिम. २०१५ च्या सिनेमात मायकेल डग्लस या नटाने केलेला म्हातारा शास्त्रज्ञ तो हाच.

सिनेमातला पिम तुम्हाला माहीत असेल. कॉमिक्समधल्या पिमची कहाणी मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. ती मला डॉक्टर म्हणून महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात मानसिक आजार आहे, बायकोवर उचललेला हात आहे, आणि "आजारी होता म्हणून मारलं" हा बचावही आहे. हा बचाव कन्नडमधल्या माझ्या दवाखान्यातही नेहमी ऐकू येतो. त्यावरच आज बोलायचं आहे.

पिमची गोष्ट थोडक्यात

हँक पिम पहिल्यांदा दिसला तो १९६२ साली, मार्व्हलच्या एका कॉमिकमध्ये. तो शरीर लहान करणारं औषध शोधतो आणि थेट स्वतःवरच वापरून बघतो. मुंगीएवढा होऊन वारुळात अडकतो, कसाबसा जीव वाचवतो. त्याच वर्षी तो अँट-मॅन झाला. १९६३ मध्ये ॲव्हेंजर्स नावाची वीरांची टोळी तयार झाली, तिच्या पहिल्या सदस्यांत तो आणि त्याची जोडीदार जॅनेट व्हॅन डाइन, म्हणजे वास्प, दोघेही होते.

गंमत बघा. त्या टोळीत थॉर होता, हल्क होता, आयर्न मॅन होता. त्यांच्यात मुंगीएवढा माणूस म्हणून राहणं पिमला जड गेलं. त्याच वर्षी त्याने उलटं तंत्र वापरलं आणि तो जायंट-मॅन झाला. तरी समाधान नाही. पुढे आणखी नावं बदलली, आणखी पोशाख बदलले. १९६८ मध्ये प्रयोगशाळेत रसायनांचा अपघात होऊन त्याचं व्यक्तिमत्त्वच बदललं. तो यलोजॅकेट नावाने वावरू लागला आणि "पिमला मीच मारलं" असं सांगू लागला. त्याच अवस्थेत त्याचं जॅनेटशी लग्न झालं.

मग आलं १९८१. शरण येत असलेल्या शत्रूवर पाठीमागून वार केल्याबद्दल टोळीने पिमची चौकशी लावली. आपली पत परत मिळवण्यासाठी त्याने एक यंत्रमानव बनवला. तो टोळीवर हल्ला करणार, आणि त्याचा कच्चा दुवा फक्त पिमलाच माहीत असल्याने पिमच सगळ्यांना वाचवणार, असा बेत. जॅनेटला हे कळलं. तिने त्याला थांबवायचा प्रयत्न केला. त्याने तिला मारलं.

नंतर त्याच यंत्रमानवापासून जॅनेटनेच त्याला वाचवलं. टोळीने त्याला काढून टाकलं. तिने घटस्फोट घेतला.

लहान होणं आणि कमीपणा

लहान होणारा वीर आपल्याला नवीन नाही. कन्नडहून संभाजीनगरला जाताना वाटेत खुलताबाद लागतं. तिथल्या भद्रा मारुतीला श्रावणातल्या शनिवारी लोक पायी जातात. मारुतीची सुरसेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ती तोंड मोठं करत गेली, तोही मोठा होत गेला, आणि शेवटी एकदम लहान होऊन तिच्या तोंडात शिरून बाहेर आला. लहान होण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. काम झालं, हात जोडले, पुढे निघाला.

पिमला मात्र कमीपणा वाटत राहिला. शरीर हवं तेवढं लहान करता येत होतं, पण बायकोसमोर लहान होणं त्याला सहन झालं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण घरातल्या मारहाणीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच दिसतं. बाजारभाव पडला, कर्ज थकलं, नोकरी गेली, भावकीत कुणी चार शब्द बोललं. बाहेर मान खाली घालावी लागली की त्याची भरपाई घरात होते.

"डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टर"

दवाखान्यात बाई येते. गालावर, दंडावर वळ असतात. विचारलं की "बाथरूममध्ये पाय घसरला." थोडा वेळ दिला, सासूबाईंना बाहेर बसवलं, की खरं कारण निघतं. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "तसे स्वभावाने चांगले आहेत हो, टेन्शनमध्ये डोकं फिरतं." कधी सासूबाईच सांगतात, "त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, काहीतरी गोळी लिहून द्या."

पिमबद्दलही हेच झालं. पुढच्या काही कथांमध्ये त्याला बायपोलर आजार असल्याचं सांगितलं गेलं. वाचकांपैकी अनेकांनी मान डोलावली. आजारी होता, म्हणून मारलं. विषय संपला.

माझं मत स्पष्ट आहे. आजार हे वागण्याचं कारण असू शकतं, मारण्याची परवानगी नाही. आणि प्रत्येक मारहाणीला आजाराचं नाव देणं हा दोघांवर अन्याय आहे. एक, मार खाणाऱ्या बाईवर. दुसरा, खऱ्या मानसिक रुग्णांवर. बहुतेक मानसिक रुग्ण कुणालाही मारत नाहीत. उलट त्यांनाच इतरांकडून मार आणि छळ जास्त सोसावा लागतो.

ताबा सुटला की ताबा ठेवायचाय?

हे ओळखायला मी घरच्यांना साधे प्रश्न विचारतो. राग आल्यावर हा माणूस आडत्याला मारतो का? साहेबाला? पोलिसाला? की फक्त दार लावून घेतल्यावर बायकोलाच मारतो? पाहुणे आले की हात आपोआप थांबतो का? वळ दिसणार नाहीत अशाच जागी मार बसतो का?

उत्तरं "हो, घरातच" अशी आली, तर त्याचा ताबा सुटलेला नाही. कुठे थांबायचं हे त्याला नीट कळतं. त्यावर गोळी नाही.

"दारूमुळे होतं" हेही अर्धंच खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ज्यांचे नवरे वारंवार दारू पिऊन झिंगतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. पण नवरा अजिबात पीत नाही अशा बायकांमध्येही हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे दारूने आगीत तेल पडतं, पण आग दारूशिवायही लागते. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण चारपैकी एका विवाहित बाईने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं आहे. इतक्या घरांत बायपोलर आजार नसतो. हा आजार शंभरात साधारण एकाला होतो.

मग खरा आजार कसा ओळखायचा?

आजारात कधीच हात उचलला जात नाही, असं मी म्हणत नाही. काही वेळा उचलला जातो. पण त्याचं चित्र वेगळं असतं.

बायपोलर आजारात माणसाच्या मनाची दोन टोकं दिसतात. एका टोकाला मेनिया. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, मोठमोठ्या बाता, अफाट खर्च, अडवलं की चिडचिड. हे आठवडाभर किंवा जास्त टिकतं आणि ते घरात, शेतात, बाजारात सगळीकडे दिसतं. दुसऱ्या टोकाला उदासी. दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, मरणाचे विचार. मधल्या काळात माणूस अगदी नेहमीसारखा असतो.

या आजारावर चांगले उपचार आहेत. लिथियमचा उपयोग १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी दाखवला. आजही ते औषध वापरात आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण वेळोवेळी तपासावं लागतं, म्हणून ते मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही.

आणि पिमसारखं अचानक व्यक्तिमत्त्व बदललं तर? रसायनांचा अपघात ही नुसती कल्पना नाही. आपल्या भागात कपाशीवर, मक्यावर फवारणी होते. फवारणीनंतर खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, गोंधळ किंवा बडबड दिसली तर ती विषबाधा असू शकते. डोक्याला मार, रोजची दारू अचानक बंद करणं, तापात मेंदूला सूज, साखर एकदम कमी होणं, यानेही माणूस काही तासांत वेगळाच वागू लागतो. अशा वेळी देवऋषाकडे नाही, थेट दवाखान्यात आणा.

काय करावं?

मार खाणाऱ्या ताईंसाठी आणि त्यांच्या माहेरच्यांसाठी:

- डोक्याला, पोटाला मार लागला असेल, गळा दाबला गेला असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच तपासणी करून घ्या. गळा दाबल्यावर सूज काही तासांनीही वाढू शकते.
- डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि कागदावर लिहायला सांगा. पुढे हा कागद उपयोगी पडतो.
- महिलांसाठी मदतीचा नंबर १८१, तातडीसाठी ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकारी असतो, आणि त्या घरात राहण्याचा हक्कही मिळतो.
- "आजारी आहे, सांभाळून घे" असा सल्ला मुलीला देऊ नका. उपचार त्याचा होऊ द्या, तोवर ती आणि मुलं सुरक्षित जागी राहू द्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

हात उचलणाऱ्या भाऊंसाठी: तुम्हाला खरंच वाटत असेल की आपलं डोकं ताब्यात राहत नाही, तर स्वतः या. बायकोला गोळी आणायला पाठवू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्याला आजार आहे तो उपचार घेतो. नुसतं नाव सांगून सुटणारा घेत नाही. फरक तिथेच कळतो.

आणि आम्हा डॉक्टरांसाठी: मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केलं. मारहाण हा आरोग्याचाच प्रश्न आहे, असं धरून रुग्णालयातच बाईला विचारायचं, ऐकून घ्यायचं, मदत जोडून द्यायची. तालुक्याच्या दवाखान्यात वेगळी खोली नसेल, पण "घरात कुणी मारतं का?" हा प्रश्न विचारायला खोली लागत नाही. सोबतच्या माणसाला पाच मिनिटं बाहेर बसवलं की झालं.

पिमचं पुढे काय झालं?

१९८३ च्या कथांमध्ये पिमवरचे खोटे आरोप धुतले गेले. त्याने चूक मानली आणि पोशाख बाजूला ठेवून तो संशोधनाकडे वळला. पण जॅनेट त्याच्या घरी परत गेली नाही, आणि कथेने तिला तसा आग्रहही केला नाही. हे मला फार पटतं. आपल्याकडे नवऱ्याने माफी मागितली की चार माणसं बसतात आणि बाईला पुन्हा नांदायला पाठवतात. माणूस खरोखर सुधारला तरी परत जायचं की नाही, हे तिनेच ठरवायचं असतं.

१९८७ मध्ये हाच पिम आत्महत्येच्या टोकाला गेला. एका सहकारी बाईने वेळेवर त्याच्याशी बोलून त्याला मागे आणलं. हेही लक्षात ठेवा. चूक करणाऱ्या माणसालाही मदत मिळायला हवी. त्याच्या उपचाराचं ओझं मात्र मार खाल्लेल्या बाईच्या डोक्यावर टाकू नका. त्यासाठी भाऊ आहेत, मित्र आहेत, आम्ही डॉक्टर आहोत.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर हा लेख तिथे पोहोचवा. आणि वरचे नंबर मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा. ताईंनी ते एखाद्या साध्या नावाने ठेवले तरी चालेल.

काळजी घ्या.