कुपीतील प्रतिपिंड आणि सार्वजनिक पेढी

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा काही रुपयांत मिळतो. त्यातून जडणाऱ्या मुखकर्करोगाचा पेशींच्या पातळीवर अभ्यास करावयाचा, तर प्रयोगशाळेला जी इवलीशी कुपी मागवावी लागते, तिच्यातील द्रव्य मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते व किंमत हजारो रुपयांत.

हे द्रव्य म्हणजे प्रतिपिंड. पेशीने विभाजनाकडे केव्हा वळावे, हे ठरविणाऱ्या प्रथिनांत सायक्लिन डी-१ची गणना होते. मुखकर्करोगाच्या अनेक गाठींत ते प्रमाणाबाहेर आढळते. मात्र नुसत्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाही. त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड गाठीच्या पातळ कापावर सोडून रंगद्रव्याची जोड दिली, की ते प्रथिन जेथे असेल तेथे तपकिरी छटा उमटते.

असे एकजिनसी प्रतिपिंड हवे तितके काढण्याची रीत कोलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजहून प्रसिद्ध केली. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड करणारी पेशी आणि कर्कपेशी यांचा संकर केला, की ती संकरपेशी वाढत राहते आणि एकच प्रतिपिंड स्रवते. या रीतीवर ब्रिटनने पेटंट घेतले नाही. १९८४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्ञान असे खुले असताना कुपी महाग का?

खर्च होतो तो पहिल्या वेळी. योग्य संकरपेशी निवडणे आणि तिचे प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला तर चिकटत नाही ना, हे तपासणे, यांतच श्रम व पैसा जातो. पुढे ती पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकते, आणि पुढच्या कुपीचा उत्पादनखर्च फारच थोडा असतो. अशा वस्तूचे मोल बाजारावर सोपविले, की लहान प्रयोगशाळा बाहेर राहते. किंवा स्वस्तातली, न तपासलेली कुपी घेऊन चुकीचा निष्कर्ष छापते. दुसरे अधिक घातक.

अमेरिकेने १९८६ साली संकरपेशींची सार्वजनिक पेढी उघडली; आता ती आयोवा विद्यापीठात आहे. ती संशोधकांना माफक दराने प्रतिपिंडे पुरविते. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. मुंबईतील मुखकर्करोगावर डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ सालीच लिहिले होते; कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभर पेशी पुरवीत आले आहे. मुखकर्करोगाशी निगडित प्रतिपिंडांची तपासलेली पेढी याच केंद्राकडे सोपवावी.

२०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्रा विकला जातोच. तेव्हा कुपीपेक्षा पानठेल्याकडे आधी पाहा, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. तथापि आज ज्यांच्या गालाला गाठ आली आहे, त्यांना उद्याच्या बंदीचा उपयोग नाही. सरकारी अनुदानातून निर्माण झालेली प्रत्येक संकरपेशी प्रबंध छापताच पेढीत जमा करावी, एवढी एक अट अनुदानाच्या कागदावर घालता येईल. आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला तीच कुपी बर्फात घालून टपालखर्चासह पुरविता येईल.