घड्याळ नको, वेळापत्रक हलवा

घड्याळ तासभर पुढे न्या, म्हणजे वसंतातल्या आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तासभर लांबतील. नोकरदार माणसाला सुटल्यावर उजेड मिळेल, पोरे मैदानावर खेळतील, बायका निर्धास्त घरी पोचतील, वर वीजही वाचेल. युरोप-अमेरिकेतली ही सोय आपल्याकडेही आणावी, अशी सूचना दर काही वर्षांनी पुढे येते. ती करणारे लोक उथळ नाहीत. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील डी. पी. सेनगुप्ता आणि दिलीप अहुजा यांनी भारतीय प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे न्यावी असे सुचवले आणि त्यातून वर्षाला दोन अब्जांहून अधिक युनिट वीज वाचेल, असे गणित मांडले. आपल्या देशाने हा प्रयोग करूनही पाहिला आहे: महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळे एक तास पुढे होती.

पूर्वपक्ष एवढा भक्कम आहे. तरीही चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून मी त्याला ठाम नकार देतो.

ही कल्पना कुठे जन्मली ते आधी पाहू. १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने ती मांडली. तो टपाल खात्यात नोकरी करी आणि सुटी झाल्यावर कीटक गोळा करी. त्याला संध्याकाळचा उजेड हवा होता. १९०७ मध्ये लंडनच्या विल्यम विलेटने तिचा प्रचार केला आणि ३० एप्रिल १९१६ रोजी युद्धात गुंतलेल्या जर्मनीने ती अमलात आणली. या सगळ्यांचा मुद्दा आपापल्या जागी बरोबर होता. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही कमी. घड्याळ हलवले नाही तर जूनमध्ये तिथे पावणेचारलाच सूर्य उगवतो, तेव्हा सारे शहर झोपेत असते. तो वाया जाणारा उजेड उचलून संध्याकाळी वापरायचा, एवढाच हा हिशेब.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर आणि गडचिरोली साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, सर्वांत लहान अकरा तासांचा. जूनमध्ये सूर्य लवकरात लवकर उगवतो तो साडेपाचनंतर, आणि त्या वेळी इथल्या गावात झोपलेले कोणी नसते. वाया जाणारा उजेडच नाही, तर उचलायचा कुठून? संध्याकाळी जो तास वाढवाल तो सकाळच्या कामातूनच कापावा लागेल.

त्या सकाळचे मोल कळायला मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली जावे लागते. फुले रात्री गळतात, उजाडेपर्यंत झाडाखाली पिवळसर सडा पडलेला असतो. बाया आणि पोरी टोपल्या घेऊन झुंजूमुंजू होताच निघतात. आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ केलेली असते, मग बसून, सरकत सरकत एकेक फूल वेचायचे. हरणे, अस्वले आणि गुरे यांच्या आधी पोचावे लागते, म्हणून घाई. आणि फार लवकरही पोचता येत नाही, कारण वाकून वेचणाऱ्या बाईला मागून येणारा वाघ दिसायला निदान उजेड तरी लागतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे जंगलात शिरायचे, ऊन चढायच्या आत पाने तोडून परतायचे, घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायची. या कामाचा धोका काय असतो हे मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात दिसले. पाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

यावर कोणी म्हणेल की मोह वेचणारी बाई घड्याळ बघत नाही, सूर्य बघते; घड्याळ हलवल्याने तिचे काय बिघडणार? आक्षेप खरा वाटतो, पण अर्धाच खरा आहे. ती सूर्य बघते. तिच्या पोराची शाळा, तिचे रेशन दुकान, दवाखान्यातली नोंदणी, तालुक्याला जाणारी एस.टी. ही सगळी घड्याळावर चालतात. सकाळपाळीची शाळा सातला भरते. मार्चच्या सुरुवातीला चंद्रपुरात सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो. घड्याळ तासभर पुढे गेले की शाळेचे सात म्हणजे आजचे सहा. दोन-तीन किलोमीटर चालत येणारे पोर त्यासाठी आजच्या साडेपाचला, काळोखात, जंगलाच्या वाटेने निघेल. मुंबईच्या किंवा पुण्याच्या संध्याकाळसाठी ही किंमत मला मान्य नाही.

आणि ती लांबलेली संध्याकाळ तरी इथे कशी असेल? चंद्रपूरचा उन्हाळा देशात प्रसिद्ध आहे. पारा ४५ च्या वर नेहमी जातो आणि ४७ ची नोंदही नवी नाही. दिवसातली सर्वांत कडक तपन तीन-चारच्या सुमाराची. आज सहाला कार्यालय सुटते तेव्हा ऊन निदान कलायला लागलेले असते. घड्याळ पुढे नेलेत तर माणूस आजच्या पाचला, रस्ता आणि भिंती धगधगत असताना, बाहेर पडेल. मैदानावर पोरे खेळतील म्हणता. मे महिन्यात इथले मैदान दिवे लागल्यावरच पाय ठेवण्याजोगे होते. थंड देशात उन्हाची तिरीप हवीहवीशी वाटते, म्हणून तिथे संध्याकाळचा उजेड ही चैन आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस सूर्य मावळायची वाट पाहतो. मावळल्यावर संधिप्रकाशही वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि मग कुठे अंगणात खाटा पडतात.

आनंदाचाच विषय काढलात म्हणून झाडीपट्टी रंगभूमीकडे पाहा. भाताची कापणी-मळणी उरकली की वडसा, म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. जेवणेखाणी आटोपून लोक मंडपात येतात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत रंगते. होळीच्या आसपासपर्यंत हा हंगाम चालतो. या रंगभूमीवरच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीतल्या चार जिल्ह्यांच्या लोकांनी आपली सगळ्यात मोठी करमणूक अंधारात बसवली आहे, ती रात्र थंड आणि मोकळी असते म्हणून. उजेड लांबवून त्यांना काय द्यायचे आहे?

वीजबचतीचा मुद्दा मी सर्वांत गंभीरपणे घेतो. २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र चंद्रपूरच्या उशाशी आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. राज्यात कुठेही दिवा लागला तर त्याची राख इथे पडते. वाचणारे प्रत्येक युनिट आम्हाला हवे आहे. पण दोन अब्ज युनिट म्हणजे देशाच्या वार्षिक वापराच्या एक टक्काही नाही. शिवाय ती बचत प्रामुख्याने संध्याकाळच्या दिव्यांची, आणि २०१५ पासून एलईडी दिवे कोट्यवधी घरांत पोचल्यावर दिव्यांचा भारच घटला आहे. आता भार आहे कूलरचा आणि एसीचा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने २००६ मध्ये सर्वत्र उन्हाळी वेळ लागू केली, तेव्हा मॅथ्यू कॉचेन आणि लॉरा ग्रँट या अभ्यासकांना घरगुती वीजवापर सुमारे एक टक्का वाढलेला आढळला. दिव्यांत वाचले त्याहून जास्त गारव्यावर गेले. चंद्रपूरसारख्या भट्टीत याहून वेगळे होईल असे मानायला मला आधार दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. आसामचा तक्रारीचा हक्क खरा आहे; तिथे सूर्य घड्याळाच्या मानाने फार लवकर उगवतो. तिथल्या चहामळ्यांनी ‘बागान टाइम’ म्हणून तासभर पुढची वेळ पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्येसाठी वेगळ्या वेळेचा पर्याय अभ्यासून मांडला. त्यांना तो मिळावा. आमची अडचण तशी नाही. प्रमाणवेळेचे ८२.५ अंशांचे रेखावृत्त मिर्झापूरजवळून जाते आणि गडचिरोली ८० अंशांवर आहे, त्यामुळे घड्याळ आणि सूर्य यांत इथे दहाच मिनिटांचे अंतर पडते. महाराष्ट्रात घड्याळ सर्वांत खरे कुठे बोलत असेल तर ते या पूर्व टोकाला. ते बिघडवण्याचे कारण नाही.

बिघडले आहे ते वेळापत्रक, कारण ते मुंबईच्या सूर्यावर बेतलेले असते. गडचिरोलीत सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांच्या झोपेची काळजी योग्यच. जानेवारीत मुंबईला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पण एप्रिलमध्ये इथे नऊ वाजता ऊन चढून बसलेले असते. पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ संपता संपता, उन्हामुळे राज्यभर सकाळी सातची शाळा करावी लागली, आणि त्याच वर्षी वार्षिक परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत लांबवल्या गेल्या, त्याला विदर्भातल्या शिक्षकांनी विरोध केला. तो विरोध रास्त होता. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरची हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोन फोटो, दोन्हींवर वेळेची मोहर. पहाटे लागून अकराच्या आत खंती खणून मोकळा होणारा मजूर दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबवायचा, यात सरकारचे काय साधते?

हे बदलता येते, आणि घड्याळाला हात न लावता. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचे दरवाजे ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या वेळी उघडतात. पर्यटकासाठी सूर्य बघितला जातो. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर तरी उशिरा सुरू होतात. म्हणजे तत्त्व मान्य आहे, ते फक्त पुढे न्यायचे आहे. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, रोजगार हमी आणि तेंदूची फळी यांच्या उन्हाळी वेळा ठरवण्याचा अधिकार जिल्ह्याला द्या. मार्चमध्ये शाळा सातला, एप्रिलच्या मध्यापासून साडेसहाला, कारण तोवर सूर्य सहाच्या आधीच उगवू लागतो. साडेदहाला पोरे घरी. रोजगार हमीची हजेरी काम संपेल तेव्हा एकदाच. आदेश फेब्रुवारीत निघावा, पारा चढल्यावर नव्हे. आणि तो काढण्याआधी जिल्हा परिषदेने एस.टी.च्या आगार व्यवस्थापकाला बैठकीला बोलवावे. शाळा साडेसहाची केली आणि एटापल्ली-भामरागडकडची पहिली गाडी आहे त्याच वेळेला सुटत राहिली, तर तिच्यातून येणारे शिक्षक आणि पोरे रोज उशिरा पोचतील, आणि पंधरा दिवसांत शाळा पुन्हा जुन्या वेळेवर जाईल.