मंगळाच्या अभ्यासात लोणारचं काय काम?

जालना जिल्ह्यातला मंठा तालुका ओलांडला की लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये तयार झालं. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच. अंतराळयानं तिथली विवरं आणि खनिजं कक्षेतून टिपतात. पण आघाताने दगडात नेमका काय बदल होतो, हे प्रयोगशाळेतच नीट कळतं. नासाच्या ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरने २०२१ पासून मंगळावर नमुने गोळा केलेत, मात्र ते पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चामुळे रखडली आहे. तोवर तुलनेसाठी लोणारचे दगड हाताशी आहेत. म्हणूनच जपायचं ते फक्त सरोवराचं पाणी नाही. आघाताने विवराच्या कडेबाहेर फेकले गेलेले दगडही पुरावाच आहेत. ते जागचे हलले, तर त्यातली माहिती कायमची गेली.