वंगणाची परीक्षा

१९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी यांनी आपल्या कब स्काउट पथकातील मुलांसाठी पाइनवुड डर्बीची, म्हणजे छोट्या लाकडी गाड्यांची, पहिली शर्यत भरविली. त्या क्रीडेचा निकाल आज सेकंदाच्या सहस्रांशावर येऊन ठेपला आहे, आणि म्हणूनच चाकांची भोके, आसांचे खिळे व त्यांवरील वंगणे यांविषयी आमच्या दप्तरी निरनिराळे दावे सतत दाखल होत असतात. ज्या परीक्षांच्या आधारे हे दावे केले जातात, त्या परीक्षांचीच आज परीक्षा करणे अगत्याचे आहे.

चाक बोटाने फिरवून ते किती वेळ फिरते हे मोजण्याची पद्धत सर्वमान्य झालेली आहे. परंतु हाताने फिरविलेल्या चाकाच्या आसावर त्या चाकाचे स्वतःचे काही ग्रॅम वजन असते, तर पाच औंसांची, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमची गाडी एक चाक अधांतरी ठेवून तीन चाकांवर धावू लागली म्हणजे प्रत्येक आसावर सरासरी त्याच्या दसपटीहून अधिक भार येतो. हलक्या भाराखाली उजवे ठरणारे वंगण भारी भाराखालीही उजवे ठरेल, असे गृहीत धरण्यास काहीएक आधार नाही.

त्याहून गहन बाब हवेतील आर्द्रतेची. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बनचे ब्रश झपाट्याने झिजू लागले, आणि ग्राफाइटचा निसरडेपणा हवेतील बाष्पावर अवलंबून असतो हे त्या अनुभवाने उघड झाले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचा स्वभाव नेमका उलट. दमट हवेत त्याचे घर्षण वाढते. सबब, मिनेसोटातील हिवाळ्यात तापविलेल्या कोरड्या सभागृहात मिळालेला निकाल फ्लोरिडाच्या दमट किनाऱ्यावर जसाच्या तसा लागू करणे गैर होय.

तेव्हा परीक्षकाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदा ग्राफाइट भरलेले भोक पुरते स्वच्छ होत नाही, म्हणून प्रत्येक वंगणासाठी नवी चाके घ्यावीत; चाकाचाकांत मुळातच भेद असल्याने अशा चाकांचे अनेक संच तपासावेत; भोकाला मेणाचा लेप दिला असल्यास तो सर्व संचांत सारखाच द्यावा. आरंभीच्या वंगणाचे संच अखेरीस पुन्हा धाववून मार्ग किंवा हवा मध्यंतरी बदलली नाही याची खात्री करावी, आणि केवळ उत्तम वेळ न देता सर्व वेळा नोंदवाव्यात. दोन वंगणांतील अंतर एकाच वंगणाच्या धावांतील अंतराहून लहान असेल, तर त्यातून कोणताही निष्कर्ष काढू नये. खनिज तेल पॉलिस्टायरिनच्या चाकांस अपायकारक ठरू शकते आणि अनेक पथकांचे नियम कोरड्या वंगणाखेरीज दुसरे काही चालू देत नाहीत, हेही परीक्षेपूर्वीच पाहावे.

पुढील अंकापासून भार, तापमान, आर्द्रता व सर्व धावांचा तपशील सोबत असल्याखेरीज वंगणाविषयीचा कोणताही निष्कर्ष या मासिकात छापला जाणार नाही. हा निर्बंध काहींना जाचक वाटेल. तथापि आपल्या हाताने तासलेल्या गाडीसाठी मुलगा आमच्या शब्दावर विसंबून वंगण निवडतो, आणि ज्याच्यावर तो विसंबतो तो शब्द पारखलेला असणे हा त्या मुलाचा हक्क आहे.