विद्या वाटणारे डॉक्टर

मुलांनो, डॉक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, कडू औषध आणि हो, सुई! पण आज मी ज्यांची ओळख करून देणार आहे, त्या डॉक्टरांनी औषधांपेक्षा मोठी गोष्ट लोकांना दिली. त्यांनी आपली विद्याच वाटून टाकली. त्यांचं नाव डॉ. रजनीकांत आरोळे.

वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना त्यांची मेबल यांच्याशी ओळख झाली. १९६० साली दोघांचं लग्न झालं. त्याच वेळी दोघांनी ठरवलं, की आपलं आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी वेचायचं. पुढे नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या रुग्णालयात त्यांनी काम सुरू केलं. रोगी यायचे, बरे व्हायचे, घरी जायचे. पण थोड्या दिवसांनी तेच रोगी, तेच आजार घेऊन पुन्हा दारात हजर! असं का व्हावं? कारण गावात पाणी घाण, पोटाला अन्न अपुरं आणि मनात नाना गैरसमज. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसलं, तर फरशी कोरडी होईल का?

दोघं अमेरिकेला गेले, सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. तिथे राहिले असते तर सुखात राहिले असते. पण १९७० साली ते परतले ते थेट जामखेडला. जामखेड म्हणजे नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, कायम दुष्काळाशी झगडणारा तालुका. त्या काळी तिथल्या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आतच दगावत. म्हणजे सहा पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा!

दोन डॉक्टर, आणि गावं कितीतरी. कुठं कुठं पुरणार? मग त्यांनी एक धाडसी गोष्ट केली. गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची आणि तिला आपण शिकवायचं. या बायकांपैकी बहुतेकींनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. काहीजणी तर अशा वस्तीतल्या, की ज्यांची सावलीही लोकांना चालत नसे. तुम्ही म्हणाल, जिला अक्षर वाचता येत नाही, ती रोग कसा ओळखणार? अहो, वाचता येत नाही म्हणजे अक्कल नाही, असं थोडंच असतं!

या बायका दर आठवड्याला जामखेडला येत. आधी एकमेकींजवळ बसायलाही बिचकत. पण एकत्र जेवता जेवता, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपता झोपता जात कुठल्या कुठे पळाली. बाळाचं वजन करणं, बाळंतपण नीट करणं, कुष्ठरोग आणि क्षयरोगाची लक्षणं ओळखणं, सगळं त्या शिकल्या. घरी परतल्यावर हेच गावाला शिकवायचं!

एक धडा तुम्हीही शिकून घ्या. जुलाब झाले की अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात. लहान बाळ त्यानंच दगावतं. पूर्वी लोक बाळाचं पाणीच तोडत. खरा उपाय अगदी उलटा! एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. नीट ढवळायचं आणि थोडं थोडं पाजत राहायचं. साखरेच्या मदतीनं मीठ आणि पाणी आतड्यातून अंगात शोषलं जातं. (बाळ मलूल झालं, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.)

अशा साध्या साध्या गोष्टींनी काय झालं? नव्वदच्या दशकात तो १७६ चा आकडा तिसाच्याही खाली आला. १९७९ साली या डॉक्टर पती-पत्नींना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ साली मुक्ताबाई पोळ ही यांतलीच एक कार्यकर्ती वॉशिंग्टनला मोठ्या सभेत बोलायला उभी राहिली. तिनं वर लखलखणाऱ्या झुंबराकडे बोट दाखवलं. झुंबर सुंदर खरं, पण महागडं. मग तिनं दोन छोट्या पणत्या काढल्या. एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी लावली. आपण या पणतीसारख्या, असं तिनं सांगितलं. सभागृहातले मोठमोठे डॉक्टर ऐकतच राहिले!

मेबलताई १९९९ साली गेल्या आणि डॉ. आरोळे २५ मे २०११ रोजी. पण त्यांचा दवाखाना काही बंद पडला नाही, कारण तो एका इमारतीत कधी नव्हताच. तो गावोगावच्या बायकांच्या हातात होता. आज देशभर गावोगावी फिरणाऱ्या ज्या ‘आशा’ताई तुम्ही पाहता, ती योजना २००५ साली सुरू झाली. अशा कामाची वाट जामखेडनं कितीतरी आधी चालून दाखवली होती.

पालकांनाही एक विनंती. आशाताई दारात आली, तर तिला बसायला सांगा, पाणी द्या आणि तिचं ऐकून घ्या.

आणि मुलांनो, तुमचा गृहपाठ सोपा आहे. साखर-मीठ-पाण्याचं प्रमाण पाठ करा आणि या आठवड्यात कुणा एकाला तरी शिकवा. आजीला, शेजारच्या काकूंना, कुणालाही. विद्या वाटली की वाढते, असं आपण नेहमी म्हणतो. एकदा वाटून तर पाहा!