सातबाऱ्यावरचे ‘काळे’ आणि इंग्रजी यादी

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठी भाऊसाहेबांमागे हिंडणं पुष्कळ कमी झालं. पण गावातली यादी मराठीत आणि पुढे बँकेला, विमा कंपनीला ती हवी इंग्रजीत, हा घोळ आहेच. मग कार्यालयातला एखादा जाणता पोरगा चार ओळींचा प्रोग्राम लिहितो आणि हजार नोंदींचा रकाना बघता बघता इंग्रजी करून टाकतो. वेळ वाचतो, हे मान्यच.

पण यंत्र वाचतं कसं ते बघा. साधा प्रोग्राम रकान्यातला एकेक चौकोन सुटा उचलतो. मथळा काय, शेजारी काय लिहिलंय, याची त्याला गंधवार्ता नसते. ‘काळे’ हे आडनाव की रंग, त्याने कशावरून ओळखावं? ‘पोटखराब’ म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. यंत्राला वाटेल कुणाचं तरी पोट बिघडलंय. ‘बोजा’ म्हणजे डोक्यावरचं ओझं! हसण्यावारी नेऊ नका, अशा एका शब्दावर कर्जप्रकरण अडतं.

नावांचं दुखणं याहून जुनं. नावाचं भाषांतर करायचंच नसतं, नुसती लिपी बदलायची. त्यात इंग्रजीत ‘ळ’ला वेगळं अक्षर नाही. काळे इंग्रजीत गेले आणि परत मराठीत आले, की त्यांचे काले नाहीतर कळे होतात. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, मग हप्ता लटकला.

म्हणून यादी करणाऱ्यांना सांगा: मराठी रकाना पुसू नका, इंग्रजी शेजारी नवीन रकान्यात घ्या. जिरायत, बागायत, पोटखराब, बोजा, कूळ असे महसुली शब्द मोजकेच आहेत. त्यांचे ठरलेले प्रतिशब्द जाणकाराकडून एकदा लिहून घ्यावेत आणि प्रोग्रामने आधी तेच वापरावेत. नावांचा रकाना भाषांतराला देऊच नये, आधार कार्डावरचं स्पेलिंग उतरवावं. आणि यादी पुढे धाडण्याआधी चावडीवर वाचून दाखवावी.

चूक मूळ सातबाऱ्यातच असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनदोष दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. ती नुसती इंग्रजी यादीतली असेल तर त्या अर्जाचा उपयोग नाही. यादी ज्यांनी केली, त्यांच्याकडेच लेखी दुरुस्ती मागा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.